ताटात बघू नको

माझ्या मैत्रिणीच्या, मृणालच्या, खाण्याच्या आजाराबद्दल हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. नाव अर्थात बदललंय. तिने दोन अटी घातल्या. वजनाचा एकही आकडा लिहायचा नाही, आणि ती नेमकं काय करायची याचं वर्णन करायचं नाही. दुसऱ्या अटीचं कारण तिनेच सांगितलं: "मी पण असाच कुठेतरी वाचून शिकलंय."

मी कुडाळला एका पतसंस्थेत काम करते. मृणाल वेंगुर्ल्याची, एका काजू कारखान्यात हिशेब बघते. दोघी एकाच शाळेतल्या, आता छत्तिशीच्या. ती आईबरोबर राहते, भाऊ-वहिनी मुंबईला.

२०२४ च्या गणपतीत, १० सप्टेंबरला, गौरी आल्या त्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. तिने एकटीने एकावन्न मोदक वळले, कळ्या अशा की बघत राहावं. जेवायला बसलो तर ही म्हणाली, "माझा उपास आसा." कसला ते कोणी विचारलं नाही. आपल्याकडे विचारतही नाहीत. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, मधूनच कसलातरी नवस. महिन्यातले निम्मे दिवस बाई जेवली नाही तरी घर म्हणतं, देवधर्माची आहे हो पोरगी. त्याच रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठले तेव्हा ती स्वयंपाकघरात अंधारात उभ्याने खात होती. मग न्हाणीघराचं दार, आणि नळ बराच वेळ सुरू. मी परत जाऊन पडून राहिले, झोपल्याचं सोंग घेतलं.

आता मागे वळून बघताना खुणा कितीतरी आधीपासूनच्या दिसतात. लॉकडाऊननंतर ती बारीक झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी, मी धरून, तोंडभर कौतुक केलं होतं. मग वजन थोडं वर, थोडं खाली. ती हाडाडलेली वगैरे कधीच दिसली नाही. उलट त्या गणपतीत तिचे गाल कानाखाली जरा भरलेले दिसत होते, आणि एक मावशी म्हणाल्याही, "तब्येत सुधारली गो तुझी." वारंवार उलट्या झाल्या की लाळेच्या ग्रंथी सुजतात, तीच ही सूज होती. हे कळायला मला नोव्हेंबर उजाडला.

घरी परतल्यावर १५ सप्टेंबरला, रविवारी, मी तिला फोन केला आणि जे करू नये ते सगळं केलं. "तू जेवत नाहीस, मग रात्री उठून खातेस, मला सगळं माहितीये, निदान आईच्या वयाकडे तरी बघ." एका दमात. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग, "माझ्या ताटात बघू नको." फोन बंद. पुढचे साडेतीन आठवडे निळ्या टिका यायच्या, उत्तर नाही.

नवरात्र ३ ऑक्टोबरला बसलं. तिने नऊ दिवस धरले. ९ तारखेला काकींचा, म्हणजे तिच्या आईचा, फोन आला. देवळाच्या पायरीवर मृणालला चक्कर आली होती. काकी रडत विचारत होत्या, "बाहेरचा काय लागला नाय ना गो तिका?"

त्या रात्री मी १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते. आधी भाषा निवडायची असते, मराठी आहे. आजारी माणसानेच फोन करावा असं काही नाही, जवळच्याने केला तरी चालतो. मला हे माहीत नसल्यामुळे आधी पाच मिनिटं मी मैत्रिणीचं म्हणून स्वतःचंच सांगतेय असं त्या बाईंना वाटू नये, या काळजीत बोलत होते. त्यांनी वीसेक मिनिटं ऐकून घेतलं. आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही, न बघता घेता येत नाही म्हणाल्या. पण तीन गोष्टी सांगितल्या, त्या मी पतसंस्थेच्या स्लिपच्या मागे लिहून घेतल्या. खाण्यावर नाही, तुम्हाला तिच्याबद्दल जे वाटतं त्यावर बोला. ती सज्ञान आहे, तिच्या होकाराशिवाय तुम्ही तिला कुठे नेऊ शकत नाही, सोबत जाऊ मात्र शकता. आणि चक्कर, छातीत धडधड, हातापायाला गोळे, उलटीत रक्त, किंवा जगणं नको असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर मन वळवत बसू नका, सरळ दवाखाना.

२० ऑक्टोबरला मी वेंगुर्ल्याला गेले. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर चालायला चल म्हटलं. घरात बोलले नाही ते बरं झालं. चालताना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही आणि गप्प राहिलं तर लाटांचा आवाज असतो. मी म्हटलं, "फोनवर मी चुकले. मला तुझी काळजी वाटते. तू थकलेली दिसतेस, एकटी एकटी असतेस, पायरीवर पडलीस. मला भीती वाटली." एवढंच पाठ करून गेले होते. ती म्हणाली, "माका काय एक झाला नाय." मी म्हटलं, बरं. मग आम्ही सुरूच्या झाडांपर्यंत चालून परत आलो आणि तिच्या ऑफिसातल्या एका माणसाची यथेच्छ निंदा केली. निघताना ती म्हणाली, चक्करचं दाखवते कुठेतरी. मला तेवढं पुरेसं होतं. मानसोपचार वगैरे शब्द मी काढलाच नाही.

त्या पहिल्या डॉक्टरांचा अनुभव वाईट. २६ ऑक्टोबर, शनिवार, दीड तास रांग. त्यांनी हिमोग्लोबिन लिहून दिलं, टॉनिक दिलं, आणि म्हणाले, "बाकी मेंटेन चांगलं केलंय तुम्ही, आमच्या मिसेसला सांगा जरा." मृणाल बाहेर येऊन म्हणाली, बघ, डॉक्टर पण म्हणतात चांगलं आहे. दिवाळीभर मग काहीच झालं नाही. माझ्याकडून तेवढ्यात आणखी एक चूक झाली: आमच्या तिसऱ्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं, "कोणाला बोलू नको" म्हणून. तिने फराळाच्या वेळी मृणालच्या पाठीवरून हात फिरवून "खा गो, घाबरू नको" म्हटलं. झालं. आणखी दोन आठवडे अबोला.

खरी वाट दातांच्या डॉक्टरांकडून निघाली. तिला थंड पाणी दातांना झोंबत होतं म्हणून १८ नोव्हेंबरला ती कुडाळला आली, मी लंच टाइममध्ये सोबत गेले. फी ३०० रुपये. तरुण मुलगी होती डॉक्टर. तिने आरशाने समोरच्या दातांची आतली बाजू बघितली आणि अगदी सहज, "पाऊस थांबला का" विचारावं तसं विचारलं, "उलट्या होतात का वारंवार? ॲसिडने आतून एनॅमल गेलंय." मला बाहेर जायला सांगायचंही तिला सुचलं. मी बाहेर बसले. वीस मिनिटांनी मृणाल डोळे पुसत आली. "तिने सांगितल्यान, उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नको, नुसत्या पाण्यान चूळ भर." हे वाक्य तिने मला सांगितलं म्हणजे तिने मान्य केलं होतं. मी रिक्षात काहीच बोलले नाही, हात धरून बसले.

त्याच डॉक्टरने एका फिजिशियनचं नाव दिलं होतं. २१ नोव्हेंबर, गुरुवार, फी ५००. त्यांनी आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी-नाडी घेतली, पाळी नियमित आहे का विचारलं, ईसीजी (२५० रुपये) आणि रक्तातले क्षार, किडनी, साखर वगैरे (१,१५० रुपये) लगेच करायला लावले. पोटॅशियम २.९ आलं. साडेतीनच्या खाली कमी समजतात. वारंवार उलट्यांमुळे ते उतरतं आणि फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, असं त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून सांगितलं. एक रात्र ठेवून घेतलं, सलाईनमधून पोटॅशियम दिलं, नंतर घरी घ्यायला ते कडू-खारट सिरप. बिल ५,८००. वाचणाऱ्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं: नुसतं हिमोग्लोबिन-थायरॉईड करून "रिपोर्ट नॉर्मल" म्हणत परत येऊ नका, पोटॅशियम बघितलं का ते विचारा. माणूस दिसायला धट्टाकट्टा असतानाही ते घसरलेलं असू शकतं.

तिच्या कंपनीचा मेडिक्लेम होता. तो नाकारला, कारण ॲडमिट असण्याचे तास एकोणीसच भरले, चोवीस हवे होते. डिस्चार्जच्या आधी हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. मानसिक आजाराला विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच धरावं असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, पण तिच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्चच मुळात नव्हता, त्यामुळे पुढचं सगळं खिशातून. रजेसाठी सर्टिफिकेट लागलं तेव्हा डॉक्टरांनी "पोटॅशियमची कमतरता, चार दिवस विश्रांती" लिहिलं. खरंही होतं आणि कारखान्यात कोणाला काही कळलंही नाही.

घरी काकींनी तुपाचा शिरा करायला घेतला. लेकीला आता खाऊ घालून उभी करायची. डॉक्टरांनी नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं होतं: बरेच दिवस पोटात काही नसलं आणि एकदम भरपूर घातलं की शरीरातले क्षार पुन्हा कोसळू शकतात, हळूहळू वाढवा. मग उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला पापड, यावर तह झाला.

फिजिशियनने मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली तेव्हा काकी हबकल्या. "तिका रत्नागिरीक नेतले काय?" आमच्याकडे रत्नागिरी म्हणजे हापूस, आणि भांडणात कोणी म्हणालं तर मनोरुग्णालय. मी समजावत होते तर त्या म्हणाल्या, आधी देवाला कौल लावू. मला आतून संताप आला होता, खोटं कशाला बोलू. पण मृणाल म्हणाली, लावू दे तिला. गुरवांनी पाकळ्या लावल्या, काकींनी विचारलं, "डॉक्टराकडे नेऊ काय?" उजवा कौल आला, म्हणजे देवाचा होकार. त्यानंतर काकींनी एकदाही अडवलं नाही, उलट मीच तारीख विसरले तर त्या आठवण करायच्या. उपासांचा प्रश्नही असाच सुटला. पूजा सांगायला येणाऱ्या भटजीकाकांना काकींनी विचारलं, तर ते सुपारी कातरत म्हणाले, "आजारी माणसाला उपास नसतोच." जे मी महिनाभर सांगून झालं नसतं ते तीन सेकंदांत झालं.

३ डिसेंबरला ओरोसला, जिल्हा रुग्णालयात गेलो. वेंगुर्ल्याहून कुडाळ, कुडाळहून ओरोस, दोन गाड्या. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च म्हणावा तर माझी एक रजा. मानसोपचाराची ओपीडी कुठल्या दिवशी ते आधी फोन करून विचारून घ्या. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं न्या. प्रत्येक कागदाचा त्याच दिवशी फोटो काढा, दोन फोनमध्ये. आणि डबा न्या, पण तो "आता खा" म्हणून उघडू नका. साडेनऊला केसपेपर काढला, नंबर लागला पावणेएकला. बाकावर आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांनी मृणालला विचारलं, "तू कोणासाठी इलंय?" ती म्हणाली, "माझ्यासाठी." मी पहिल्यांदाच ऐकलं हे तिच्या तोंडून.

आत गेलो तर डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. सगळं जुळवून आणलं मी, आणि बाहेर मी! चांगला अर्धा तास रागात भिंतीवरचं क्षयरोगाचं पोस्टर वाचत बसले. नंतर मृणालच्या परवानगीने आत बोलावलं. मानसिक आरोग्याच्या त्या २०१७ च्या कायद्यात रुग्णाला स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो, साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. कधी ती निर्णय घेण्याच्या स्थितीत नसली तर तो माणूस मदत करतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात आधार नंबर आठवायला लागले होते. तिने वहिनीचं नाव लिहिलं. परतीच्या एसटीत मला ते बोचत राहिलं. कणकवलीच्या बाजूने येणाऱ्या गाडीला उभं राहायलाही जागा नव्हती, ते एक बरं, बोलावं लागलं नाही.

केसपेपरवर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, बुलिमिया, आणि त्याच्या आधी प्रश्नचिन्ह. आवरता न येणारं खाणं, मग त्याची भरपाई म्हणून उलट्या किंवा कडक उपास, मग पुन्हा तेच. उपास जितका कडक तितकं रात्रीचं खाणं अनावर, असं ते चक्र. आम्ही इतके दिवस तिचे उपास वेगळे आणि रात्रीचं खाणं वेगळं धरत होतो. फ्लुओक्सेटीनची गोळी सुरू झाली. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे पहिल्या महिन्यात निराशा कमी झाली. औषधाच्या दुकानात प्रत्येक वेळी मूळ चिठ्ठी मागतात, फोटो चालत नाही.

बोलण्याचे उपचार ऑनलाइन, ११ जानेवारी २०२५ पासून, एका वेळचे १,२०० रुपये. एप्रिलपर्यंत दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, ऑगस्टअखेर बावीस वेळा झालं, म्हणजे २६,४००. पैसे तिचेच, आर.डी. मोडून. वेंगुर्ल्याच्या घरात नेटवर्क फक्त फणसाखाली, आणि फणसाखाली अख्ख्या वाडीला ऐकू जातं. म्हणून दर शनिवारी ती माझ्याकडे कुडाळला यायची, मी खोली देऊन मुलाला घेऊन बाजारात जायचे. माझी मुख्य मदत म्हणाल तर ही. खोली आणि वायफाय.

खाण्याचा तक्ता साधा निघाला: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा काहीतरी, आणि तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही. घावणे, आंबोळी, केळं, शेंगदाण्याचा लाडू, चहा-बटर, सगळं आपलंच. वजनकाटा काकींनी माळ्यावर टाकला. डाएटिशियन निवडताना मात्र आधीच स्पष्ट सांगा की वजन कमी करायला आलेलो नाही. आम्हाला पहिल्या ठिकाणी न विचारताच "आठवड्यातून एकदा लिक्विड डे" असा छापील कागद मिळाला होता.

सोबत जेवताना काय बोलायचं हे मला सगळ्यात उशिरा जमलं. सुरुवातीला मी तिचे घास मोजायचे, मोजत नाही असं दाखवत. तिला ते कळायचं. मग आमच्याकडे नियम झाला की ताटावर बसल्यावर खाण्याचा विषयच नाही. "छान जेवलीस" सुद्धा नाही. "चेहऱ्यावर तेज आलंय" तर अजिबात नाही, तिला त्याचा अर्थ "जाड झालीस" असा ऐकू यायचा. जेवून झाल्यावरचा अर्धा-पाऊण तास तिला सगळ्यात जड जातो, हे तिने स्वतः सांगितलं, तेव्हापासून तेवढा वेळ आम्ही पत्ते खेळायचो किंवा ती माझ्या मुलाचा गणिताचा अभ्यास घ्यायची. तो पास झाला, एवढा एक वेगळा फायदा.

शिमग्यात, मार्चमध्ये, पुन्हा बिघडलं. घरात माणसं, पुरणपोळ्या, आणि मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकाचं "काय गो, सुटलंस!" पाच-सहा दिवस पहिल्यासारखेच. तिने लपवलं, मग समुपदेशक बाईंना सांगितलं, मला नंतर. मला राग आला तिचा. त्या आठवड्यात मी घरी सगळ्यांवर खेकसत होते, नवरा म्हणाला, तूच लाव जरा तो फोन. लावला. यावेळी १४४१६ वर मी खरंच माझ्याविषयी बोलले. पोटॅशियम पुन्हा तपासलं, ३.६ होतं.

केसपेपरवरचं ते प्रश्नचिन्ह तिसऱ्या भेटीनंतर गेलं. मृणालला त्याचं वाईट वाटलं. "तोपर्यंत वाटत होता, नसातही."

२०२५ ला २७ ऑगस्टला गणपती बसले. उकडीचे मोदक तेव्हाही तिनेच वळले. तिने किती खाल्ले ते मला माहीत नाही, मी काकींबरोबर गौरीच्या ओवशाची सुपं बांधण्यात होते. उलट्या पूर्ण थांबल्यात का? नाही. आधी रोज होत्या, आता कधी तीन आठवडे काही नसतं, मग एखादा दिवस येतो. गोळी चालू आहे.

७ ऑक्टोबरला ओरोसची तारीख होती. आदल्या रात्री तिने कळवलं, यावेळी येऊ नको, मी जाते एकटी. मी बरं म्हटलं आणि रजेचा अर्ज फाडला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर गर्दी असताना सव्वादहाला तिचा मेसेज आला: "केसपेपर घरी रवलो. फोटो धाड." मी धाडला.